अर्धं पाऊल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हेही कारण खरं नाही? बघू. सांगता सांगता मलाच कळेल.

थोडं लांबून येते. मी विज्ञान शिकवते. आमची शाळा वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावापासून जरा आत, हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न वर्गात ऐकू येतात एवढ्या अंतरावर. काही वर्षांपूर्वी आमचे खेळाचे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि मुख्याध्यापकांनी मुलींचा फुटबॉल माझ्या गळ्यात घातला. माझ्याच का? तर माझी मुलगी प्रणाली त्या संघात होती. "मॅडम, तुमी तशाही ग्राउंडवर उभ्याच राह्यता," ते म्हणाले. त्याच सुमारास वर्ध्याला नव्या रेफरींसाठी छोटा कोर्स निघाला, तिथेही मलाच पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅकपँट घातली आणि सगळ्या पुरुषांत एकटी बाई जाऊन बसले.

बाकीचे नियम भराभर डोक्यात शिरले. बॉलला हात लागला, फाउल. बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला, थ्रो. पण ऑफसाइड! शिकवणारे बोंडे सर हिंगणघाटचे, वयस्कर, डोक्यावर कायम टोपी. त्यांनी फळ्यावर गोल काढून सांगितलं — समोरच्या संघाचे शेवटचे दोन खेळाडू बघायचे. त्यातला एक बहुतेक वेळा गोली असतो. दुसऱ्याच्याही पुढे, बॉलच्याही पुढे जाऊन तुम्ही त्यांच्या अर्ध्या मैदानात उभे आहात, आणि त्याच वेळी तुमच्या सोबत्यानं तुमच्याकडे बॉल मारला, तर तुम्ही ऑफसाइड. बरोबरीत असाल तर नाही.

मी हात वर केला. "सर, पण का? पोरगी पुढे जाऊन उभी राहिली, यात तिचं चुकलं काय?" वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"नाई तं मॅडम, सारे गोलीपाशीच जाऊन बसतीन. मंग खेळ काऊन खेळाचा?"

हे उत्तर मला फार आवडलं. घरी आले तर प्रणालीनं अंगणातल्या चपला गोळा केल्या. बाबांच्या चपला म्हणजे बचाव, माझी सँडल म्हणजे गोली, तिचे बूट म्हणजे ती. नववीतली पोरगी, आणि मला शिकवायला बसली. "आई, बॉल भेटताना नाई पाह्याचं. बॉल मारताना पाह्याचं. मारला तवा मी बरोबरीत होती ना? मंग किती बी पुढं पळू दे."

इथेच माझी खरी अडचण होती. बॉल मारणारी एकीकडे, रेषेवरची दुसरीकडे, आणि क्षण एकच. दोन डोळे दोन दिशांना कसे लावायचे? दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. ते म्हणाले, "डोळे लाइनीवर ठेवाचे. लात कानानं ऐकाची." मी कितीतरी दिवस शाळेच्या मैदानाच्या कडेला उभी राहून हे करून बघत होते. धप्प आवाज आला की डोळ्यांपुढचं चित्र तिथेच धरून ठेवायचं. पोरी पुढे पळतात, चित्र मागेच राहायला हवं. पण माझं चित्र दर वेळी हलायचं. जमतच नव्हतं, आणि जमत नाही म्हणून सोडवतही नव्हतं.

आता त्या सामन्याकडे येते. — येतेच.

नालवाडीकडच्या एका मैदानावर शाळांची स्पर्धा होती आणि आमचा उपांत्य सामना. आम्ही सकाळीच काळी-पिवळीनं निघालो, पोरी गाणी म्हणत, मी पाण्याचा ड्रम पायांत धरून. पोचलो तर कडेला झेंडा घेऊन उभा राहणारा एक लाइनमन आलेलाच नव्हता. तो तळेगावहून येत होता, त्याची गाडी वाटेत बंद पडली. मुख्य रेफरी तरुण मुलगा, माझ्याच कोर्समधला. तो धावत आला. "मॅडम, तुमी झेंडा धरता का? दुसरं कोणीच नाई."

मी नाही म्हणायला हवं होतं. मला माहीत होतं. पण खरं सांगू? मला तो झेंडा हातात हवा होता.

समोरच्या संघाच्या सरांनी तिथल्या तिथे हरकत घेतली. "नऊ नंबरवाली मॅडमची पोरगी आहे. मंग आमाले न्याय कसा भेटन?" रेफरी म्हणाला, माणूसच नाही तर सामना पुढे ढकलावा लागेल. सर कुरकुरत बाजूला झाले. पण माझ्या पाठीमागेच, चुन्याच्या रेषेपासून हातभर अंतरावर येऊन उभे राहिले. त्यांच्यासोबत त्यांच्या गावची माणसं.

उत्तरार्धाच्या सुरुवातीला एकदा प्रणालीला थ्रोवरून बॉल मिळाला. ती सगळ्यांच्या पुढे होती, पण थ्रोवर ऑफसाइड नसतोच, म्हणून मी झेंडा खालीच ठेवला. मागून ओरडा झाला. "घरचाच रेफरी आहे भाऊ!" "मायलेकीची म्याच हाये का?" मी वळून नियम सांगू शकत होते. लाइनमननं प्रेक्षकांशी बोलायचं नसतं, म्हणून नजर रेषेवरच ठेवली. त्या थ्रोतून काही झालं नाही, बॉल बाहेर गेला. पण त्यानंतर प्रणाली पळायला लागली की मला रेषेच्या आधी मागची माणसं ऐकू यायची.

उत्तरार्ध बराच सरला होता, कुणाचाच गोल नव्हता. आमच्या गौरीनं मधून बॉल मारला.

धप्प. मी तो आवाज ऐकला आणि चित्र — पहिल्यांदाच — थांबलं. हललं नाही. पिवळ्या जर्सीतली त्यांची उंच मुलगी, तिच्या शेजारी प्रणाली, दोघींचे खांदे एका ओळीत, दोघींचे गुडघे एका ओळीत, मागे काळ्या मातीचं मैदान. इतके दिवस जे जमत नव्हतं ते आता इतकं सोपं, इतकं लख्ख दिसलं की अंगावर काटा आला. हेच ते! असं असतं ते! मग चित्र सुटलं, प्रणाली पिवळीला मागे टाकून निघाली, गोली पुढे आली, आणि बॉल तिच्या बाजूनं जाळीत.

आणि मी झेंडा वर केला.

इतकी वर्षं मनात मी हे वाक्य वेगळं म्हणत आले — 'हात वर गेला.' हात आपोआप वर जातो का? मी केला. शिट्टी वाजली. आमच्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. रेफरी जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, पक्कं? मले बरोबरीत वाटली."

बघा, त्यानं मला दार उघडून दिलं होतं. 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द पुरले असते. नवी रेफरी होते, चूक कुणीही पोटात घातली असती.

"पक्कं," मी म्हणाले.

आणि मागून ते सर, तेच सर, म्हणाले, "मानलं मॅडम. आपल्या पोरीले बी सोडलं नाई." ते मला गोड लागलं. हे सांगायला सगळ्यात जड जातंय. भीती होती हे खरं, पण भीती कुणालाही समजू शकते. ते गोड लागणं मात्र मला अजून समजत नाही. मुलगी वीस पावलांवर कमरेवर हात ठेवून उभी, आणि मी मान ताठ करून रेषेवर. कुठून आलं ते माझ्यात? आधीपासून होतं का?

शेवटी त्यांनी एक गोल केला. आम्ही हरलो.

येताना गाडीत पोरी चिडलेल्या होत्या. प्रणाली चिडली नव्हती. तिला नुसतं कुतूहल होतं — माझीच पोरगी. सीटवरून पुढे वाकून तिनं विचारलं, "आई, किती पुढं होती मी? मले तं वाटलं बरोबरीत आहो."

इथेही थांबता आलं असतं. मी म्हणाले, "अर्धं पाऊल."

अर्धं पाऊल. कुठून काढलं मी ते माप? एक पाऊल म्हटलं असतं तर तिला पटलं नसतं, तिची नजर चांगली होती. अर्धं पटलं. तिनं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, झालं, संपलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ती मैदानात चुन्यानं रेघ मारायची, गौरीला बॉल घेऊन मागे उभं करायची, आणि मला रेषेवर. "पाह्यजो हं, आता बरोबर का?" ती अर्धं पाऊल मागे थांबायला शिकत होती. जिथे बरोबर होती तिथून मागे. मी रोज रेषेवर उभी राहून म्हणायचे, "हो, आता बरोबर."

त्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या संघाची निवड झाली. निवड करणाऱ्या सरांनी तिला बराच वेळ पळताना पाहिलं. एकदा तिथूनच ओरडले, "अवो पोरी, थांबून काऊन राह्यली? निघ ना!" ती निघायची, पण बॉल सुटल्याचं बघून मग. तोवर बचाव वळलेला असायचा. नंतर ते माझ्याकडे आले. "पोरगी हुशार आहे मॅडम. पायात बॉल बी चांगला राह्यते. पण उशिरा निघते. असं कोणी शिकवलं तिले?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

तिचं नाव यादीत आलं नाही. पुढच्या वर्षी ती आपणहून बचावात खेळायला लागली. "तिथं आपल्यावर ऑफसाइड नाई," हसत म्हणाली. दहावीनंतर बूट गौरीच्या बहिणीला देऊन टाकले. आता ती नागपूरला फार्मसी करते, मैत्रिणी आहेत, बरं चाललंय तिचं. निवड झाली असती तर पुढे काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. पण ते तिनं ठरवायचं होतं, तिच्या पायांनी.

मी मात्र पुढे गेले. आता मीच कोर्समध्ये ऑफसाइड शिकवते. डोळे रेषेवर, लात कानानं, हे मी पोरापोरींना सांगते आणि ते ऐकतात, कारण माझ्याबद्दल जिल्ह्यात बोललं जातं — या मॅडमनं सख्ख्या मुलीचा गोल नाकारला होता.

मागच्या हिवाळ्यात समुद्रपूरला आम्हा काही शिक्षकांचा सत्कार झाला. शाल, नारळ, नेहमीचंच. प्रणाली खास नागपूरहून आली होती. सूत्रसंचालकांनी तिला दोन शब्द बोलायला लावलं. ती लाजली, मग माइक हातात घेतला आणि तोच सामना सांगितला. गौरीचा बॉल, तिचा गोल, माझा झेंडा, सगळं. "तवा मले रडू आलं होतं," ती म्हणाली. "पण आई माझी आहे म्हणून नाई सांगत — मी अर्धं पाऊल पुढं होती, अन् तिनं ते पाह्यलं. मले आजवर कोणी विचारलं ना, की खरं वागणं म्हंजे काय, तं मले तो झेंडा आठवते."

टाळ्या वाजल्या. खूप वेळ. बोंडे सर पुढच्या रांगेत होते, त्यांनी टोपी काढली. मी उभी राहिले आणि हात जोडले.

ती खाली आली, माझ्या शेजारी बसली, माझ्या शालीची घडी नीट केली. डोळे भरले होते तिचे. कानाशी लागून विचारलं, "बरोबर बोलली ना मी, आई?"

"हो," मी म्हणाले.

प्रणाली पुढे नव्हती. बरोबरीत होती. मला दिसलं होतं.