तंबाखू लागली

अण्णा गेले तो दिवस मंगळवार होता. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळण हलवताना माझे हे थोरले भाऊ खाली पडले आणि उठले नाहीत. त्याआधी त्यांना आठवडाभर जोराचा ताप येऊन गेला होता, आणि मग महिनाभरात तीनदा घेरी आली होती. नवख्या माणसाला तंबाखूच्या खकाण्याने, त्या उडणाऱ्या बारीक धुळीने, गरगरतं, ओकारी येते. ‘तंबाखू लागली’ म्हणत लोक हसतात आणि गुळाचा खडा देतात. अण्णांनाही तसाच दिला. वहिनी मात्र वखारीच्या दारात येऊन मला म्हणाल्या, “भावजी, वीस वर्सं हितं काढल्याल्याला आता तंबाखू लागतीय व्हय? चार पायऱ्या चढल्या की थांबत्यात. बेळगावच्या डाक्टरला दावा.” मुकादम पिंक टाकून म्हणाला, “मास्तर, तुमची वहिनी तुमच्यापरीस लई शिकल्याली दिसती!” सगळे हसले. मीही हसलो, आणि शाळेच्या परीक्षा झाल्यावर बघू म्हणालो. मंगळवारी मी पोहोचलो तेव्हा कुणीतरी अण्णांच्या तोंडात पुन्हा गूळ कोंबला होता. तो ओठांवरून ओघळत होता, त्यावर माश्या बसत होत्या, आणि मुकादम सांगत होता, “या टायमाला जोरात लागली.” दवाखान्यात डॉक्टरांनी आधीच्या तापाची, घेरीची चौकशी केली. म्हणाले, “त्या तापाने हृदयाच्या स्नायूत व्रण राहिला असावा. घेरी ही त्याचीच खूण. तेव्हाच आणायचं होतं.” आजही वखारींवरून जाताना तो उग्र वास आला की मला शिसारी येते, मुकादमाची येते, आणि त्याहून जास्त माझ्या हसण्याची. वहिनी आता आमच्याच घरी असतात. माझं ताट वाढतात आणि मी जेवायला बसायच्या आधी आत निघून जातात.