बाटली फिरवणारे हात

केशोरी गावी धानाच्या बांधीत रोवणी करताना आईला साप चावला. दवाखान्यात नर्सबाई विषावरच्या औषधाची पूड पाण्यात विरघळावी म्हणून बाटली सावकाश गोल फिरवत होत्या.

"जोरानं हलवा ना!" मी ओरडलो.

"काऊन घाई करून राहिले, भाऊ? हलवलं का फेस येते, औषध बिघडते," बाकावरचा तापानं फणफणलेला माणूस म्हणाला. त्याचे रिकामे हातही तसेच फिरत होते. तो हैदराबादच्या कारखान्यातून सुटीवर आला होता. "सापाचं इख टोचलेल्या घोड्याच्या रक्तातलं नको ते सारं काढून आमी हेच औषध बनवतो. पन कोनाच्या अंगात जाताना पयल्यांदाच पाहून राहिलो."

दुपारी आईनं पाणी मागितलं, तेव्हा कुठे त्याचे हात थांबले. तपासणीचा त्याचा नंबर सकाळीच पुकारून झाला होता; तो बाकावरून उठलाच नव्हता.