मामाची रेघ
कडक भाकरीचा खमंग वास आला की माझ्या लग्नाच्या बोलणीला आलेला मुलाचा मामा आठवतो. सोलापुरात आमच्या पुढच्या खोलीत बसून त्यानं मोबाइलच्या नकाशावर मुलाच्या गावापर्यंत, म्हणजे पणजीपर्यंत, बोटानं सरळ रेघ ओढली. “हवाई अंतर बघा की, जवळच आहे.” आईनं डोळे बारीक केले. “आन् रस्त्यानं?” मामा चहा फुंकत बसला. आईनं मग विचारलं, “बरं, लेकीकडं येताना भाकरी मऊ बांधू, का टिकणारी कडक?” “मऊच बांधा की!” मामा म्हणाला. लग्नानंतर आई पहिल्यांदा आली, तेव्हा घाटाच्या वळणांतच दिवस सरला आणि पिशवीतली भाकरी वातड झाली. आता सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालंय, तरी मी माहेराहून निघताना आई कडकच भाकरी बांधते. म्हणते, “तुझं इमान त्या मामाच्याच रेघेवरनं जातंय न्हवं?”