दुधातली पुडी

त्या वर्षी मी देवीशी बोलणं टाकलं होतं. माझी नऊ वर्षांची पूर्वा सकाळी उठायची तेव्हा तिचे गुडघे सुजलेले असत, आणि खाटेवरून उतरायला तिला अर्धा तास लागे. नागपूरच्या डॉक्टरांनी लहान मुलांचा संधिवात असल्याचं सांगितलं. औषध सुरू होऊन चार महिने झाले तरी फरक दिसेना. आमच्या सानगडीत मात्र ज्याला त्याला इलाज ठाऊक होता. दही बंद करा, पाला बांधा, नजर उतरवा. ऐकून ऐकून माझं डोकं भणभणायचं. तळ्याच्या पाळीवरच्या देवळात मी दर मंगळवारी जात असे, तेही सोडलं. जिला ऐकूच येत नाही तिच्यापुढे कितीदा रडायचं?

एकदा नागपूरहून परतताना बस लाखनीत बंद पडली. भर दुपार, ट्रकांची धूळ, आणि पूर्वा माझ्या अंगावर रेललेली. डॉक्टर आता औषध बदलून इंजेक्शन सुरू करायचं म्हणत होते, त्यानं मी आधीच वैतागले होते. तेवढ्यात शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईनं विचारलं, "पोरीचे गुडघे दुखते का जी?"

"हो. अन् दही बंदच हाय," मी फटकारलं. "तुमचं काय, पाला का नजर?"

ती रागावली नाही. तिच्या नातीलाही हाच आजार होता. "मी फक्त विचारून राहिली, बाई. ते दुधातून द्याची आठवड्याची पुडी देता ना?"

मला आठवावं लागलं. पहिल्याच तपासणीत पूर्वाचं ड जीवनसत्त्व फार कमी निघालं होतं, त्याची ती पुडी. दोन आठवडे दिली. मग एवढ्या गोळ्यांत ही ताकदीची पुडी कशाला, असं आम्हीच ठरवून टाकलं.

"बंद केली," मी म्हटलं.

"डॉक्टरनं बंद कराले सांगतलं?"

"नाही."

"मंग डॉक्टरले मालूम तरी हाय का?"

सगळी औषधं नियमित चालू आहेत ना, असं डॉक्टरांनी त्याच सकाळी विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.

"फोन लावा न मंग," ती म्हणाली.

तिथूनच लावला. डॉक्टर चांगलेच रागावले. पुडी पुन्हा सुरू करा, गोळ्या चुकवू नका, रक्त तपासून मग औषध बदलायचं ठरवू, म्हणाले. मी फोन ठेवला तोवर त्या बाईची ऑटो आली होती. पूर्वाच्या डोक्यावरून हात फिरवून ती गेलीसुद्धा.

दिवाळीपर्यंत सूज उतरली. इंजेक्शनची गरज पडली नाही. डॉक्टर म्हणतात, गोळीला वेळ लागतोच, पुडीचा वाटा किती ते सांगता येणार नाही. मीही वाद घालत नाही. देवीवर सोपवणं म्हणजे काय, ते मला उशिरा कळलं. जे माझ्या हाती दिलंय ते चुकवायचं नाही, आणि उरलेल्याचा हिशेब तिला विचारायचा नाही. सल्ले ऐकून मी आजही वैतागते, पण बोलणाऱ्याला मधेच तोडत नाही.

त्या बाईचं नावगाव मी विचारलं नाही. आभार मानायला कुठे तोंड करायचं ते कळत नाही, म्हणून आठवण आली की असेन तिथेच हात जोडते.