पातीला कोण येतं?

बोईसरच्या बाजारात नर्मदाशी घासाघीस करून कोणी जिंकलेलं नाही. सुके बोंबील हातात घेऊन कोणी कुरकुरलं की ती एवढंच म्हणते, "आधी वास घ्या, मग बोला." गिऱ्हाईक वास घेतं आणि मुकाट्यानं पिशवी पुढे करतं. कारखान्यांतल्या कामगारांशी ती मोडक्यातोडक्या हिंदीत भांडते, आणि कुंभवलीच्या चाळींत तिची हाक ऐकून दारं उघडतात. तारापूरजवळच्या कोळीवाड्यातलं घर तिनंच उभं ठेवलं. मुलीचं लग्नही तिनंच पार पाडलं. नवरा, पुंडलिक, गुजरातेत वेरावळच्या बोटीवर खलाशी. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेवढाच तो घरी.

पण तो घरी आला की नर्मदाचं तोंड मिटायचं. परक्या बंदरात महिनोन् महिने राहिलेल्या माणसाला, कुठं जात होतास, असं विचारायचं नसतं. तिची धाकटी बहीण हेमांगी अशाच एका खलाशाला दिलेली होती. हेमांगीनं नवऱ्याला एकदाच निरोध वापरायला सांगितलं. "हे कोणाकडून शिकलीस?" म्हणून त्यानं तिला माहेरी आणून सोडलं. पुढे ती परत नांदायला गेली, पण तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. ती वारली तेव्हा गावात टीबी सांगितलं गेलं. एचआयव्ही होता, हे फक्त नर्मदाला ठाऊक होतं. तेव्हापासून पुंडलिकची बॅग उंबऱ्याला टेकली की तिला हेमांगी आठवायची, आणि तरी ती त्याला पाणी द्यायची.

एका उन्हाळ्यात पालघरच्या एका संस्थेतली हिमानी नावाची मुलगी कोळीवाड्यात सभा घ्यायला आली. बाजार आटोपून बायका समाजमंदिरात जमल्या. मासळीच्या रिकाम्या पाट्या शेजारीच ठेवलेल्या. हिमानीनं पिशवीतून एक मऊ, पांढरं कडं काढलं.

"हे बाईनं स्वतः आत बसवायचं. यात औषध असतं, महिनाभर राहतं. नवऱ्याला विचारावं लागत नाही. एचआयव्हीचा धोका पुरता जात नाही, पण कमी होतो."

"बांगडीच हाय गो ही," म्हातारी येसूबाई म्हणाली. "घालायची जागा तेवढी वेगळी."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हिमानीही हसली.

"मग आज वाटणार काय?" दीपालीनं विचारलं. ती नर्मदाच्या शेजारच्या आळीतली, गेल्याच वर्षी लग्न होऊन आलेली.

"नाही. बाहेरच्या काही देशांत मिळतं, आपल्याकडे अजून नाही. आपल्या बायकांसाठी याहून चांगलं काही शोधायला सरकारनं पैसा घालावा, हे मला पालघरच्या सरकारी बैठकीत सांगायचंय. पण ते बायकांना हवंय का, असं तिथं विचारतील. ज्यांना हवंय त्यांनी हात वर करा."

हसू थांबलं. एकही हात वर आला नाही.

किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो तेव्हा जिचा हात पहिला वर जातो, तिच्या नावावर ढीग पडतो. मग तो आतून नासका निघो, तोंड वाकडं करायची सोय नाही. इथं पहिल्या हाताच्या वाट्याला काय येणार, हे प्रत्येकीला समजत होतं. लोक म्हणणार, हिला झालाय, म्हणून ही मागते. मग तिच्या हातची मासळी कोण घेणार? नर्मदानंही आपला हात मांडीखाली दाबून धरला होता.

"ठीक आहे, जबरदस्ती नाही," हिमानी म्हणाली आणि कडं पिशवीत ठेवू लागली. तिला वाटलं, कोणालाच नको.

ते कडं दिसेनासं झालं तशी नर्मदा उठली. हात तिनं वर केला नाही. आपली पाटी मध्ये ओढली आणि तिच्या काठाला धरून उभी राहिली. ढीग एकटीला झेपणारा नसला की कोळणी तो पातीत घेतात. पाटीच्या काठाला जी हात लावेल ती भागीदार, नफ्यातही आणि तोट्यातही. पहिला हात कोणाचा, ते मग कोणी विचारत नाही.

"पातीला कोण येतं?" नर्मदानं विचारलं.

"तुला कशाला गो पायजे?" मागून कोणीतरी कुजबुजलं. "पुंडलिकला काय झालंय?"

"ते मला ठाऊक नाय," नर्मदा म्हणाली. "पण हेमांगीला टीबी नव्हता. काय करायचं ते तिला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्यानं करू दिलं नाय."

बाजारात तिच्या शेजारी बसून रोज तिची गिऱ्हाइकं पळवणारी येसूबाई गुडघ्यावर हात टेकत उठली.

"सर बाजूला. सगळी पाटी एकटी घेतंस काय? माजी पात धर."

"तुमाला काय उपयोग, मावशी?"

"माजा म्हातारा वर गेला, तो काय आता खाली येतो? पण घरात नातसुना हायत."

मग दीपाली आली. मग बाकीच्या. काठाला जागा उरली नाही तेव्हा मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हात ठेवले. हिमानी गोंधळून बघत होती.

"बैठकीत सांग," नर्मदा तिला म्हणाली, "आमची सगळ्यांची पात हाय."

सभेतली गोष्ट पसरली. कुंभवलीत पुढच्या फेरीला नर्मदाच्या हाकेला काही दारं उघडली नाहीत. आणि वेरावळहून फोन आला.

"सभेत काय बोललीस?" पुंडलिकनं विचारलं.

"ऐकलंस तेच."

"म्हणजे माज्यावर संशय हाय तुजा?"

याआधी कधी त्यानं हे विचारलं असतं, तर ती 'नाय' म्हणाली असती. समोर काठ्यांवर बोंबील सुकत होते. ती तिथंच वाळूत बसली.

"हाय," ती म्हणाली. "खरा का खोटा, ते तुला ठाऊक. मी कसं ओळखू? तू आलास की दोघं तपासून घेऊ. आदी ते, मग घर."

तो ओरडेल, म्हणून तिनं फोन कानापासून थोडा लांब धरला. तो ओरडला नाही.

"दोघं?" त्यानं विचारलं.

"दोघं. मी पन."

तो 'हो' म्हणाला नाही. पण त्यानं फोनही ठेवला नाही, आणि तिनंही नाही.