दुधाचे दोन ग्लास

माझं माहेर गडहिंग्लजच्या पुढं, अगदी सीमेला चिकटून. घरात कानडी, बाजारात मराठी. लग्न होऊन कोल्हापुरात, शिवाजी पेठेत आले आणि कानडी बोलायला घरात कुणी उरलंच नाही. म्हणून लेक झाल्यापासून मी तिच्याशी कानडीतच बोलायची. खरं सांगते, त्यात माझाच स्वार्थ होता.

पण दोन वर्षं उलटली तरी लेक बोलेना. सासूबाईंचा जीव टांगणीला लागला. "दोन भाषंत पोरीचं डोस्कं गोंधळलंय बघ. थोडं दिस तुझं कानडी बंद ठेव की." त्या मायेनंच म्हणाल्या, तरी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण भीती मलाही वाटत होतीच, म्हणून बंद केलं. दिवस कसाबसा निभायचा. तिला अंघोळ घालून केस पुसताना मात्र कानडी आपसूक ओठांवर यायचं आणि मी ते गिळायची. मराठीत लाड करताना एसटी स्टँडवरच्या सूचना वाचल्यासारखं वाटायचं.

एका संध्याकाळी सासरे आम्हा दोघींना दूधकट्ट्यावर घेऊन गेले. आमच्याकडं गवळी म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि लोक तिथंच उभ्याउभ्या फेसाळ दूध पितात. लेक सासऱ्यांच्या कडेवर होती. म्हशीकडं टक लावून बघता बघता ती माझ्याकडं वळली. "अव्वा, हालु बेकु."

मी काही म्हणायच्या आत तिनं सासऱ्यांची हनुवटी धरून आपल्याकडं फिरवली. "आबा, दूद पायजे!"

मागणं एकच. आईकडं आईच्या भाषेत, आजोबांकडं त्यांच्या. पोरीला सगळं नीट ठाऊक होतं, गोंधळले होतो ते आम्ही मोठी माणसं.

"पावणं, पोरगी दोन डाव मागाय लागलीया," गवळी म्हणाला. "दोन गिलास दिऊ?"

"दे की!" सासरे असे ओरडले की म्हैस बिचकली. दुसरा ग्लास मी प्यायले, हसत आणि डोळे पुसत.

सासूबाईंनी घरी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ताट वाढून बसल्या आणि लेकीला म्हणाल्या, "बा, ऊटा माडु." ये, जेव. माझंच रोजचं वाक्य होतं ते, मी बंद करेपर्यंतचं. त्यांनी कधी टिपलं कोण जाणे.

लेकीनं कपाळाला आठ्या घातल्या. "आजी न्हाय. अव्वा!"

सासूबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मग स्वयंपाकघराकडं बघून ओरडल्या, "अगं, ये भाईर! तुझ्या लेकीनं मला नापास केलं. तूच बोलव तिला, तुझ्या भाषंत."

मी पिठाच्या हातानंच धावले आणि इतके दिवस गिळलेलं सगळं कानडी तिच्यावर ओतलं.