सबब न सांगितलेली हार

कोलकात्याच्या बेहाला भागातल्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दर नाताळच्या आठवड्यात कॅरमच्या स्पर्धा होतात. बाबा बँकेच्या बदलीवर नगरहून इथे आले आणि इथलेच झाले. त्यांना गाणं येत नव्हतं, भाषण येत नव्हतं. कॅरम येत होता. बरीच वर्षं चषक आमच्याच घरी राहिला.

अंतिम सामन्यात समोर बहुतेकदा एकच माणूस असायचा. बजबजच्या ज्यूट मिलमधून निवृत्त झालेले, आमच्याच चर्चच्या मंडळीतले एक बंगाली गृहस्थ. त्यांना मी ‘काकू’ म्हणते. बंगालीत काकू म्हणजे काका. लहानपणी या मिशीवाल्या काकूंचं मला फार हसू यायचं. दर वर्षी ते हरायचे आणि बाबांचा हात हातात घेऊन म्हणायचे, “पुढच्या वर्षी, दादा.”

ज्या वर्षाबद्दल सांगतेय, तेव्हा बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू बराच पुढे गेला होता. हे फक्त मला आणि डॉक्टरांना ठाऊक होतं. “खेळू नका,” मी म्हटलं. “एवढं एक वर्ष,” ते म्हणाले.

शेवटचा बोर्ड अटीतटीचा झाला. राणी आधीच गेली होती. बाबांची एक पांढरी उरली होती, काकूंची एक काळी. खेळी बाबांची. पांढरी उजव्या कोपऱ्याजवळ होती, अगदी सोपी. बाबांनी मान थोडी वाकडी केली, स्ट्रायकर डावीकडे सरकवला आणि काळी सोंगटी अलगद आत घातली.

काकूंची शेवटची सोंगटी गेली, म्हणजे नियमाने बोर्ड काकूंचा.

बाबांनी मान वर केली. ते हसत होते. आपण जिंकलो असंच त्यांना वाटलं होतं आणि ते टाळ्यांची वाट बघत होते. टाळ्या आल्या नाहीत. मग त्यांनी बोटांनी बोर्ड चाचपला, उजव्या कोपऱ्यातली सोंगटी उचलून डोळ्यांजवळ नेली. त्यांना कळलं. चेहऱ्यावरचं हसू मात्र त्यांनी ढळू दिलं नाही. तेच हसू काकूंकडे वळवून त्यांनी हात पुढे केला. “जिंकलात तुम्ही. अभिनंदन.”

काकू गोंधळले. “छे, हा कसला विजय? बोर्ड पुन्हा मांडू या.”

“नाही. माझा नेम चुकला. बोर्ड तुमचा.” आणि बाबांनी चर्चच्या पाळकांच्या हातातला चषक स्वतः घेऊन काकूंना दिला.

घरी आल्यावर मी चिडले. “डोळ्यांचं सांगितलं असतं तर पुन्हा खेळता आलं असतं!”

“आणि मग? तो पुन्हा हरला असता, तर हातातला चषक गेला असता. जिंकला असता, तर आंधळ्याला हरवलं म्हणून झुरत बसला असता.” बाबा खुर्चीत टेकले. “आपला प्रभू येशू रोमन सुभेदार पिलातापुढे आरोपी म्हणून उभा होता. सांगण्यासारखं त्याच्याकडे किती होतं! गप्प राहिला.”

“तो प्रभू होता, बाबा. तुम्ही बँकेचे रिटायर्ड मॅनेजर आहात.”

ते खळखळून हसले. पण त्यांना ते सोपं गेलं नव्हतं. पुढे कित्येक दुपारी बालीगंजच्या शाळेत शिकवून मी घरी परतायची, तेव्हा जिन्यातच स्ट्रायकरचा आवाज ऐकू यायचा. दार उघडलं की दिसायचं: त्या दोन सोंगट्या तशाच मांडलेल्या, आणि बाबा तीच खेळी खेळतायत. मला बघून ओशाळायचे. विचारायचे, “कुठली गेली गं? पांढरी ना?”

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. दफनानंतर सगळे पांगले, काकू थांबले. ओल्या मातीकडे बघत म्हणाले, “एक विचारू? खरं सांग. त्या दिवशी दादांनी मला मुद्दाम जिंकू दिलं का? चषक कपाटात आहे, पण मला त्याच्याकडे बघवत नाही.”

हा माणूस इतके महिने हे घेऊन फिरत होता.

“नाही, काकू,” मी म्हटलं. “बाबांना जिंकायचंच होतं. शेवटपर्यंत.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. ते ओंजळीत तोंड लपवून रडले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

डोळ्यांचं मी सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे बाबांनी ठरवलं होतं, मी ते मोडू शकले नाही. पण अजून कधीकधी दुपारच्या सुट्टीत, पोरींच्या गलक्यात एकदम सगळं शांत झाल्यासारखं वाटतं आणि तो टाळ्यांची वाट बघणारा चेहरा समोर येतो. तेवढ्या एका क्षणापुरते बाबा जिंकलेले होते. प्रार्थनेतही मला त्या क्षणापुढे जाता येत नाही.

रविवारी उपासनेनंतर काकू भेटतात. माझ्याकडे बघत राहतात, जणू आणखी एक प्रश्न उरलाय. मी त्यांच्यासाठी चहा आणायला उठते.